चांगल्या घरातली फ्लॉपी

नंदकिशोर पाटणकर माणसाचं नाव विचारायच्या आधी आडनाव विचारत, आणि आडनाव कळलं की अख्खा माणूस कळला असं समजत. एका कंपनीत एकवीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवून ते हेडक्लार्क झाले होते. तेवढ्या भांडवलावर कोपरखैरण्याच्या सोसायटीत त्यांचा तोरा असा, की सिडकोने हे शहर त्यांना विचारूनच वसवलं असावं. सोसायटीच्या भिंतीपलीकडे बोनकोडे गाव. ते गाव सोसायटीच्या कित्येक पिढ्या आधीचं, पण पाटणकरांच्या लेखी अतिक्रमण गावानेच केलं होतं.

अशा माणसाच्या घरात अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला लॅपटॉप आला. मेव्हण्याने मस्कतहून आणला तो भाचीसाठी, क्षिप्राच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षासाठी. पण मिरवायला पाटणकर. बायकोकडून, चारुलताबाईंकडून, त्यांनी त्याला सॅटिनची खोळ शिवून घेतली. त्या खोलीत चपला बंद, धूळ उडते म्हणून पंखाही बंद. पोरगी घामाघूम होऊन टाइप करायची आणि हे दारात उभे राहून "बटणं हळू दाब" म्हणायचे.

क्षिप्राच्या वर्गातली मोनाली म्हात्रे एकदा अँटिव्हायरसची फ्लॉपी घेऊन आली. पोरगी हुशार, सकाळी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचीसुद्धा.

"काका, हा टाकून घ्या. व्हायरस आला तर सगळा काम पुसून जाईल."

"तू कुठली?"

"हितलीच. बोनकोड्याची."

झालं. पाटणकरांना पुढचं काही ऐकायची गरजच उरली नाही. "मस्कतहून सीलबंद आलाय हा," ते म्हणाले. "बाहेरचं काही याला शिवणारच नाही, तर लस कशाला टोचायची?"

"नवा हाय म्हनून काय झालं, काका? एक फ्लॉपी पुरते."

पाटणकरांनी तिची फ्लॉपी दोन बोटांच्या चिमटीत धरून परत केली आणि ती गेल्यावर साबणाने हात धुतले. मग घरात नियम झाला: बाहेरची फ्लॉपी आत यायची नाही, आतली बाहेर जायची नाही. मेव्हण्याने दिलेला कोऱ्या फ्लॉप्यांचा बॉक्स त्यांनी कपाटात साड्यांच्या मागे ठेवून चावी स्वतःच्या जानव्याला बांधली.

"बाबा, प्रोजेक्टची एक तरी कॉपी काढून ठेवू दे," क्षिप्रा म्हणाली.

"का? घरातल्या घरात चोर शिरणार आहेत?"

तीन मेला प्रोजेक्ट द्यायचा होता. दिला नाही तर वर्ष वाया. सहा महिन्यांची मेहनत त्या सॅटिनच्या खोळीत होती आणि बाहेर होत्या त्या फक्त कच्च्या वह्या.

मार्चमध्ये देवस्थळी साहेबांनी पाटणकरांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब नेरूळच्या रो-हाउसमध्ये राहत. त्यांचा पुतण्या अभिराम लग्नाचा होता. साहेबांनी पत्रिका जुळवायच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी पुढे केली, "घरीच जुळवून बघा" म्हणाले. पाटणकर विरघळले. ती फ्लॉपी शर्टाच्या खिशात ठेवून, वर हात धरून, ते घरी आले.

"बाबा, आधी मोनालीकडून तपासून आणते."

"साहेबांच्या घरची फ्लॉपी त्या पोरीकडून तपासून घेऊ? चांगल्या घरातली आहे ती!"

फ्लॉपी त्यांनी स्वतःच्या हाताने आत सरकवली. क्षिप्रा आणि अभिरामचे छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले. पाटणकरांनी पेढे वाटले, आणि पुढच्या पंधरा दिवसांत सोसायटीतल्या निम्म्या पोरींच्या पत्रिका फुकटात जुळवून दिल्या. लॅपटॉपला काही झालं नाही. बघा, म्हणाले, घराणं कळतं.

सव्वीस एप्रिलला, सोमवारी सकाळी, क्षिप्राने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ आली, आणि त्यापुढे काही येईना. मोनाली धावत आली. साहेबांची फ्लॉपी तिने आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर तपासली आणि परत आली ती तोंड पाडूनच.

"व्हायरस यातनंच आलाय. गप बसून राहतो तो, आजच्या तारखेला उठतो. डिस्कवरचं काय राहिलं नाय, क्षिप्रा."

"शक्य नाही," पाटणकर म्हणाले. "साहेबांकडे सगळे शिकलेले आहेत."

क्षिप्राचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बापावर चढला. "सहा महिन्यांत बाहेरची एकच फ्लॉपी गेली आहे यात, बाबा. ती तुम्ही घातलीत."

यावर पाटणकरांनी साहेबांना फोन लावला. जाब विचारायला नव्हे हो, तेवढा कणा कुठला! "साहेब, फ्लॉपीत काही बिघाड असावा का," असं त्यांनी चाचरत विचारलं. पलीकडचा आवाज इतका चढा होता की सगळ्यांना ऐकू आला.

"आमच्या घरच्या फ्लॉपीत? काहीतरीच काय, पाटणकर! तुमच्या शेजारी ते गाव आहे ना, तिकडूनच आलं असेल काहीतरी. आणि ती फ्लॉपी आता परत पाठवू नका. तुमच्या घरात जाऊन आलेली वस्तू."

पाटणकरांचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल.

"बरोबर आहे, साहेब," ते बोलले. "आमची मुलगी जरा कुणातही मिसळते."

मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मोनालीही. याला काय म्हणावं! ज्या पोरीने सावध केलं तिच्या तोंडावर हा माणूस तिच्याच घरावर आळ घेत होता, तोही एका रो-हाउसमध्ये शिरकाव व्हावा म्हणून. क्षिप्राने कच्च्या वह्या पिशवीत भरल्या आणि मोनालीबरोबर खाली उतरली.

सात दिवस दोघी बोनकोड्यात, मोनालीच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आळीपाळीने टाइप करत बसल्या. मोनालीची आई राजाबाई त्यांच्या हाताशी तांदळाची भाकरी ठेवायची आणि पोरी जेवल्याशिवाय हलायची नाही. तीन मेच्या दुपारी प्रोजेक्ट कॉलेजात पोचला.

संध्याकाळी क्षिप्राने बांधलेली दुसरी प्रत घरी आणून टेबलावर ठेवली. अशा पुस्तकात आभाराचं पान असतं, आणि आईवडिलांचे आभार त्यात मानतातच, हे पाटणकरांनी ऐकलं होतं. चष्मा चढवून त्यांनी थेट तेच पान उघडलं. पहिलं नाव मोनालीचं होतं. मग राजाबाईंचं. मग, रोज मागच्या दाराने कपडे पोचवणाऱ्या चारुलताबाईंचं. पाटणकरांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. शेवटी पुस्तक मिटल्यावर त्यांना आपलं नाव सापडलं. ते वर मुखपृष्ठावर होतं, क्षिप्रा आणि पाटणकर यांच्या मधोमध, कारण विद्यापीठाला वडिलांचं नाव लागतंच.