बारावा रोजा

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, आहुप्याकडं चढत जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं आरोग्य उपकेंद्र आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं पाण्याची टाकी. तिथं मी सात वर्षांपासून नर्स आहे. माहेर जुन्नरचं, सासर मंचरचं. आठवडाभर उपकेंद्राला लागून असलेल्या खोलीत राहते आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी जाते.

गावात मुसलमान मी एकटीच. पहिल्या वर्षी रमजान आला तेव्हा बायकांना माझी फार काळजी वाटली होती.

"पानी पन नाय, सिस्टर?"

"पाणीपण नाही."

"आन औषध?"

"आजारी असले तर रोजाच धरायचा नसतो. नंतर कधीतरी भरून काढायचा."

हे ऐकून त्यांना बरं वाटलं. आपल्या देवासारखाच हिचाही देव समजूतदार आहे, असं काहीतरी त्या आपसांत बोलल्या. आता त्यांना सवय झाली आहे. दुपारी मी आतल्या खोलीत नमाजला उभी राहिले की व्हरांड्यातल्या बायका आपोआप हळू बोलायला लागतात. आमचा किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, पश्चिमेला आणि इथं पश्चिमेला थेट सह्याद्रीचा कडा. खिडकी उघडी असली तर सजद्यातून उठताना समोर डोंगरच दिसतो.

मी सांगतेय ती गोष्ट अलीकडच्याच एका रमजानची आहे. मार्च संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं आणि वाड्यावाड्यांतून हिरडा गोळा करायचे दिवस भरात आले होते. हिरडा म्हणजे औषधी फळ. झाडाखाली पडलेलं, फांद्या हलवून पाडलेलं वेचायचं, वाळवायचं आणि विकायचं. हे काम वर्षातून दोन-तीनच महिने चालतं, म्हणून त्या दिवसांत घरात कुणी सापडत नाही.

दहावा रोजा शुक्रवारी होता आणि त्याच दिवशी गरोदर बायकांची तपासणी होती. सकाळपासून पंधरा-सोळा जणी येऊन गेल्या. रोज्यात मला भुकेचा त्रास होत नाही, चहाचा होतो. दुपारी दोनच्या पुढं कपाळ ठणकायला लागतं आणि माणसं नकोशी वाटतात. मी रजिस्टर मिटून सामान आवरत होते, तेवढ्यात एक पोरगी तिच्या सासूबरोबर व्हरांड्यात आली. वीस वर्षांची असेल. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना लागलेला. आधीच्या दोन्ही तपासण्यांना आलीच नव्हती. आमच्या आशाताई दोनदा तिच्या वाडीवर निरोप देऊन आल्या होत्या.

"कुठं होतीस दोन महिने?" मी विचारलं.

"हिरडा..." ती एवढंच म्हणाली.

आणि मी सुटले. "तुला मूल हवंय का हिरडा हवाय, ते एकदा ठरव. आम्ही काय इथं तुमची वाट बघत बसायला बसलोय? उद्या काही झालं की पुन्हा नर्सच्या नावानं बोंबलाल." व्हरांड्यात अजून पाच-सहा बायका होत्या. त्या खाली बघत होत्या. हातातलं तपासणीचं कार्ड पोरीनं गुंडाळून गुंडाळून त्याची नळी केली. सासू म्हणाली, "चुकलं, बाई. आता न्हाई चुकायचं."

मी तपासणी केली. रक्त कमी होतं, बीपी थोडं वाढलेलं होतं. गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी ये म्हणून सांगितलं. त्या दोघी गेल्या.

मग मी वजू करून दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजला उभी राहिले. तोंड, हात, पाय सगळं धुतलेलं, डोक्यावर ओढणी नीट. हात बांधले, सूरह सुरू केली आणि डोळ्यांपुढं ती कार्डाची नळी आली. मन पुन्हा नमाजवर आणलं, तर पुन्हा ती नळी. चार रकात कशाबशा झाल्या. सलाम फिरवून उठले, तर आशाताई दारात झाडू घेऊन उभ्या.

"ती रडत गेली," त्या म्हणाल्या. आरोप म्हणून नाही, नुसतं सांगितलं आणि झाडायला लागल्या.

मी स्वतःला समजावलं, की मी तिच्या भल्यासाठीच बोलले. इफ्तारला खजूर तोंडात घातला तेव्हाही हेच समजावत होते. शनिवारचा अख्खा दिवस तसाच गेला. समजूत पटत का नाही, हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकत आले आहे, की रोजा फक्त पोटाचा नसतो. डोळ्यांचा असतो, कानांचा असतो, जिभेचा असतो. जीभ मोकाट सोडली तर उरते ती नुसती उपासमार, आणि अल्लाहला कुणाला उपाशी ठेवण्यात काय मिळणार? शिवाय आमच्याकडं एक गोष्ट फार स्पष्ट आहे. अल्लाहच्या बाबतीत आपलं काही चुकलं तर त्याच्यापाशी रडून माफी मागता येते. माणसाला दुखावलं असेल तर आधी त्या माणसाकडं जावं लागतं. परस्पर वरून माफी मिळत नाही.

अब्बा हे करायचे. जुन्नरच्या पेठेत त्यांचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं. फार धार्मिक म्हणून कुणी त्यांना ओळखलं नसतं. पण असरनंतर ते थोडा वेळ दुकानाच्या पायरीवर काही न करता बसायचे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना आवडत नसे. कधी कधी ते तसेच उठून चालायला लागत. एकदा मीही त्यांचं बोट धरून गेले होते. एका घरापाशी थांबले, दार वाजवलं आणि बाहेर आलेल्या माणसाला म्हणाले, "सकाळी मी तुम्हाला म्हणालो, कापड कमी पडलं. कमी नव्हतं पडलं. माझी कात्री चुकली होती." तो माणूस हसला आणि चहा प्या म्हणाला. परत येताना मी विचारलं, "अब्बा, त्यांना कुठं कळलं होतं?" ते म्हणाले, "मला कळलं होतं ना."

शनिवारी संध्याकाळी मी एसटीला गेले नाही. घरी फोन करून सांगितलं, आणि आशाताईंना विचारलं, "उद्या त्या वाडीवर याल का माझ्याबरोबर?"

"रोज्यात? दीड तासाची चढन हाय, सिस्टर. लई ऊन लागंल."

"सकाळी लवकर निघू."

रविवारी, बाराव्या रोज्याला, आम्ही निघालो. पहाटे सहरीला माझ्यानं अर्धी पोळी गेली होती तेवढीच. बीपीचं मशीन पिशवीत घातलं होतं. खरं सांगायचं तर ते तपासणीसाठी कमी आणि निमित्तासाठी जास्त होतं. नुसती माफी मागायला आले, असं म्हणायची लाज वाटत होती.

वाडी दहा-बारा घरांची. पोरगी हिरड्याला गेलेली, नवरा कामाला मंचरला असतो. सासूनं अंगणात घोंगडी अंथरली आणि आतून पाण्याचा तांब्या आणला. दोन पावलं आली, थबकली, आणि काही न बोलता तांब्या पदराआड करून परत आत घेऊन गेली. माझ्या नजरेस पाणी पडू नये म्हणून. शुक्रवारी मी जिच्या सुनेला सगळ्यांदेखत सोलून काढलं, त्या बाईला माझा रोजा माझ्यापेक्षा नीट आठवत होता.

थोड्या वेळानं पोरगी आली. डोक्यावर पाटी, चेहरा घामेजलेला. मला बघून ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. तोवर शेजारच्या तीन-चार बायकाही जमल्या होत्या. मी तिला बाजूला घेऊन बोलायचं ठरवलं होतं. पण बोल लावले होते ते चारचौघींत, मग माफी कोपऱ्यात कशी मागू?

"शुक्रवारी मी तुला सगळ्यांसमोर टाकून बोलले," मी म्हणाले. "ते चुकलं माझं. मला माफ कर."

ती एकदा सासूकडं, एकदा आशाताईंकडं बघायला लागली. "तसं काय न्हाई, सिस्टर. तुमी माज्या भल्याचंच बोलल्या."

"भल्याचं होतं. पण बोलायची रीत वाईट होती."

ती खाली बघत म्हणाली, "मला राग आला व्हता. आता न्हाई."

मला तिचं हे खरं बोलणं फार आवडलं. मी तिला शेजारी बसवलं आणि आलेच आहे तर बीपी बघते म्हणून पट्टा बांधला. आकडा बघून दुसऱ्यांदा मोजलं. एकशे साठच्या वर. पाय बघितले, घोट्यापर्यंत सुजलेले. "डोकं दुखतंय?"

"कालपासनं."

"डोळ्यांपुढं काही येतं?"

"सकाळधरनं काजवे आल्यावानी व्हतंय."

"अगं, मग सांगायचं नाही का कुणाला? निरोप नाही का पाठवायचा?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आठ दिवसांनी या म्हनल्या व्हत्या. आदी आले तर परत बोलाल, म्हनून..."

बाळंतपणाच्या आधी बीपी असं चढलं तर झटके येतात आणि आई-मूल दोन्ही जाऊ शकतात. अशा बाया मी पाहिल्या आहेत. ही पोरगी माझ्या तोंडाला भिऊन, डोळ्यांपुढं काजवे नाचत असताना, डोक्यावर पाटी घेऊन डोंगरात हिंडत होती.

पुढचं सगळं घाईत झालं. वाडीत फोनला रेंज नसते. आशाताई वरच्या टेपाडावर पळत गेल्या आणि एकशे आठला फोन लावून आल्या. गाडी खालच्या डांबरी रस्त्यापर्यंतच येणार होती. वाडीतल्या माणसांनी दोन बांबूंना घोंगडी बांधून डोली केली, चौघांनी खांदा दिला आणि आम्ही उतरायला लागलो. सासू पुढं, मी डोलीला हात लावून बाजूनं. ऊन डोक्यावर आलं होतं. मी पोरीशी सतत बोलत होते. ती झोपेत गेल्यासारखी वाटली की हाक मारत होते.

अर्ध्या वाटेवर माझाच पाय घसरला. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी वाटेच्या कडेला बसले. डोली थांबली. सासू मागं आली. तिनं कमरेला कापडात बांधलेली पाण्याची बाटली काढली, पण पुढं केली नाही. तशीच हातात धरून म्हणाली, "सिस्टर, देव रागवंल का?"

मी लगेच बाटली घेतली नाही, हे मला लिहायलाच हवं. इतक्या वर्षांत माझा एकही रोजा मोडला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. त्या क्षणी मनात पहिलं आलं ते हेच, की मोडायला नको, जाईन तशीच. पण पोरगी कण्हली. वाटेत तिला झटका आला तर काय करायचं, हे त्या सगळ्यांत मला एकटीलाच माहीत होतं. मी बेशुद्ध पडून कुणाचं भलं होणार होतं? ज्या रोज्याची सूट अल्लाहनं स्वतः दिली आहे तो ओढून धरणं ही इबादत नव्हती. तो माझा ताठा होता. शुक्रवारी व्हरांड्यात बोलला तोच ताठा.

"नाही रागावणार," मी म्हणाले आणि बिस्मिल्लाह म्हणून पाणी प्यायले. घोटभर नाही, अर्धी बाटली. सासू माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

गाडी रस्त्यावर तयार होती. आतल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. वळणावळणानं घोडेगाव, मग मंचर. दवाखान्यात पोचलो तेव्हा बीपी थोडं उतरलं होतं. संध्याकाळी ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी. दोन किलोलाही कमी, पण आवाज खणखणीत. सूर्य मावळून मगरिबची अजान झाली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. माझा रोजा नव्हता, तरी हात दुआसाठी वर गेले. काय मागावं सुचेना. मग नुसतेच धरून बसले. सासू शेजारी बसली होती. तिनंही हात जोडले.

मायलेकी सोळा दिवसांनी वाडीवर परत गेल्या. बाराव्या रोज्याच्या बदल्यातला रोजा मी ईदनंतर धरला, साध्या एका मंगळवारी.

मी सुधारले, असं मात्र मला म्हणता येत नाही. जीभ आहे तशीच तिखट आहे. परवाच लसींचा डबा उघडा राहिला म्हणून मी आशाताईंना फाडकन बोलले, आणि नंतर कळलं की तो मीच उघडा ठेवला होता. फरक इतकाच, की तेव्हा मला दोन दिवस लागले होते. परवा मगरिबची नमाज झाली आणि मी चपला घालून त्यांच्या घरी गेले. त्या चुलीपाशी कांदा चिरत होत्या.

"ताई, दुपारी मी उगाच बोलले. डबा माझ्याकडूनच उघडा राहिला होता."

त्यांनी मान वर केली नाही. विळीवरचा हातही थांबवला नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "भाजी टाकतेय. खाऊनच जा."