कान दारात

"कायदा पुस्तकात हाय. हितं दोरा हाय."

एवढं म्हणून भाऊसाहेब नव्या विद्यार्थ्याच्या हातात दाभण ठेवायचे. समोरचा मुलगा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग लावून आलेला असायचा. तो दाभणाकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी चहाचा कप पुढे करायचे.

तुमच्या घरातलं कोणी वकिलीच्या शिक्षणाला असेल आणि कॉलेजने त्याला महिनाभर एखाद्या वकिलाच्या ऑफिसात धाडलं असेल, तर तिथे काय होतं ते मी सांगू शकते. सात वर्षं बघते आहे. पहिल्या आठवड्यात फायली शिवायच्या. दुसऱ्या आठवड्यात पानांना नंबर टाकायचे, तेही पेन्सिलने, कारण मधे कधी एखादं पान वाढेल सांगता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात कोर्टात जाऊन बाकावर बसायचं. कोट घालून बोलणं वगैरे शेवटच्या दिवशी, फोटोपुरतं. हे सगळं भाऊसाहेब पहिल्याच सकाळी सांगून टाकत. "नंतर रडू नगा," म्हणत.

ते आमच्या वकीलसाहेबांचे कारकून. श्रीगोंद्याकडचे. साहेबांच्या वडिलांपासून त्याच टेबलावर.

मी भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या गावातली. नववीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याला इथे एमआयडीसीत काम लागलं म्हणून नगरला आले. घरी जायचं तर अर्धा दिवस एसटीत जातो, त्यामुळे जाणं होत नाही. ऑफिसात झाडलोट आणि चहा, एवढ्यासाठी मी विचारायला गेले होते. साहेबांनी शिक्षण विचारलं. मी हळूच "नववी" म्हटलं. भाऊसाहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "नववी म्हंजे नऊ इयत्ता झाल्या की साहेब. कमी हायेत का?"

साहेब हसले आणि मला ठेवलं. त्या दिवसापासून मी भाऊसाहेबांच्या शब्दावर होते. रोज कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायची ती सवय तेव्हाचीच. काही चुकलं तर त्यांचा शब्द जाईल, असं वाटायचं.

त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए भंडारदरा, च्या झाला का?" असं चालायचं. पाऊस लांबला की, "तुज्या धरनात पानी हाय का बघ, मग आमाला सांग." विद्यार्थी शिवायला बसले की मलाही म्हणायचे, "तूबी बस." मी म्हटलं, मला कुठे कायदा येतो? "दाभनाला इयत्ता कळत न्हाई," ते म्हणाले. मी बसले. पुढे पुढे विद्यार्थ्यांच्या फायली उसवून मीच परत शिवायला लागले. कोर्टात गठ्ठे घेऊन जायला लागले. आईला फोनवर सांगितलं, तर तिला वाटलं मी वकील झाले. मी ते दुरुस्त केलं नाही.

कोर्टात गेल्यावर त्यांचं दुसरं वाक्य. "कान दारात ठेवा."

म्हणजे असं. दाव्याचा नंबर आला की शिपाई दारात येऊन दोन्ही बाजूंची नावं पुकारतो. तीनदा. तेवढ्यात कोणीतरी उठून "हजर" म्हणायचं. साहेब दुसऱ्या कोर्टात उभे असतील तर तसं सांगायचं, थोडा वेळ मागायचा आणि पळत साहेबांना बोलवायला जायचं. कोणीच उठलं नाही, तर दावा गैरहजेरीत काढून टाकतात. दहा वर्षं चाललेला असला तरी. "डबा खावा, मोबाईल बघा, झोपाबी काडा," भाऊसाहेब सांगत. "पन कान दारात."

एकदा ते स्वतःच जेवत होते. पुकारा झाला तसे उठून आत धावले. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हातात काय आहे?"

"पुरावा न्हाई साहेब, भाकर हाय."

ही गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगितली जायची. दर वेळी भाकरीबरोबरची भाजी वेगळी असायची.

पायाचं दुखणं मात्र नवीन होतं. "माजं पाय लई दुखत्यात. तू दारात उभी ऱ्हा, पुकारा झाला की खुणाव," असं ते मला म्हणायला लागले. मी खुणवायचे, आणि ते बाकावरून ताडकन उठायचे. पाय दुखणारा माणूस असा उठत नाही. मग लक्षात आलं. बोलताना ते समोरच्याच्या ओठांकडे बघायचे. फोन वाजला की तो माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "बघ कुनाचाय, मी कामात हाय." हे मी कोणाला सांगितलं नाही. त्यांनीही नाही. दोन वर्षं मी दारात उभी राहिले. ते गेले तर मला कोण ठेवणार, हेही डोक्यात होतं. खोटं कशाला सांगू?

मग एके दिवशी साहेबांनी मला कागदांच्या नकला आणायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. भाऊसाहेबांबरोबर एक विद्यार्थिनी होती, कोर्टातला पहिलाच आठवडा तिचा. दावा पाथर्डीकडच्या एका बाईचा. माहेरच्या जमिनीत भाऊ वाटा देत नव्हते. ऊसतोडीवरून परत आली की ती तारखेला यायची. त्या दिवशी तिची एसटी वाटेत बंद पडली होती. भाऊसाहेबांनी विद्यार्थिनीला झेरॉक्सला धाडलं आणि ते एकटे बाकावर बसून राहिले.

मी परत आले तेव्हा ते तिथेच होते. गठ्ठा मांडीवर.

"आला नाही का नंबर?" मी हाताने विचारलं.

"अजून न्हाई. आज लई सावकाश चाललंय."

मुलगी झेरॉक्सच्या रांगेतून आली. तिने मोबाईलवर कोर्टाची साइट बघितली, आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. दावा काढून टाकला होता. बाराच्या आधीच. कोर्ट आता पुढच्या कितीतरी नंबरांवर होतं, आणि भाऊसाहेब दारापासून चार हातांवर बसून वाट बघत होते.

ऑफिसात साहेब ओरडले नाहीत. ते बरं नव्हतं. म्हणाले, "परत चालू करून घ्यायला अर्ज करू. कारण काय दाखवायचं? नवीन विद्यार्थिनीला पुकारा समजला नाही, असं लिहू. कॉलेजला मी तसं पत्र देतो. नाहीतर असले विद्यार्थी पाठवतात कशाला?"

मुलगी उभी होती. रडत होती, पण आवाज करत नव्हती. भाऊसाहेबांनीच तिला झेरॉक्सला पाठवलं होतं, हे तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं. मला सगळं माहीत होतं. मला तेव्हा काय वाटलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. माझ्या हातात ट्रे होता. सहा कप होते. त्यातल्या एकाचा कान उडालेला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

भाऊसाहेब साहेबांच्या ओठांकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं नाही.

"पोरीचं नाव नगा घालू साहेब," ते म्हणाले. "तिला मीच धाडली हुती. मी बाकावर बसल्यालो. तीनदा पुकारला आसंल. मला ऐकू आलं न्हाई."

"झोप लागली का?"

"झोप न्हाई. ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली. तसंच लिवा."

चार. मी दोन समजत होते.

प्रतिज्ञापत्र त्या मुलीने लिहिलं. तिच्या आयुष्यातलं पहिलंच. लिहून झाल्यावर ती वाचायला लागली, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर कानामागे हात धरला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच की ग." ऑफिसात हे त्यांनी कधी केलं नव्हतं. ती मोठ्याने वाचत गेली. "मला ऐकू येत नाही, हे खरं आहे. ही गोष्ट मी वकीलसाहेबांपासून लपवून ठेवली, हे खरं आहे." प्रत्येक ओळीला ते मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कोणाचे कागद तपासताहेत. मग सही केली, दाभण घेतलं, अर्ज स्वतः शिवला आणि पानांना पेन्सिलने नंबर टाकले.

मी कप विसळले. सगळे गेल्यावर कुलूप लावलं. घरी पोचल्यावर आठवलं, की आज ते ओढून बघितलंच नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. दावा परत चालू झाला. मुलीला कॉलेजसाठी चांगलं पत्र मिळालं. साहेबांनी भाऊसाहेबांना जा म्हटलं नाही. पण सोमवारी ते आले नाहीत, मंगळवारी नाहीत. गुरुवारी त्यांचा मुलगा येऊन डबा आणि छत्री घेऊन गेला. दाभण मागितलं नाही. ते आता माझ्या खणात आहे. माझं काम गेलं नाही, वाढलं. साहेब म्हणाले, "बाकावर आता तुम्हीच बसत जा."

एकदा मी भाऊसाहेबांना त्यांच्या गावी फोन लावला. ते "हॅलो, कोन? हॅलो," म्हणत राहिले. मी ओरडून "भंडारदरा, भंडारदरा" म्हटलं. मी एसटी स्टँडवर होते, लोक माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी फोन ठेवला.

कोर्टातला नेहमीचा शिपाई त्या दिवशी रजेवर होता, हे मला नंतर कळलं. बदलीवर दुसरा आला होता. रजेवरून आल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, मी त्यांच्याकडं तोंड करूनच पुकारायचो," तो म्हणाला. "त्यांनी मान हलवली की मगच थांबायचो. त्या बदलीवाल्याला कोन सांगनार?"

म्हणजे तोही.

परवा त्या पाथर्डीच्या बाईची तारीख होती. ती माझ्या शेजारी उभी होती, पदर तोंडाशी धरून. शिपाई दारात आला. पहिल्याच पुकाऱ्याला मी "हजर" म्हटलं, चांगलं मोठ्याने.

त्याने ऐकलं. तरी तो, भाऊसाहेब बसायचे त्या बाकाच्या टोकाकडे वळला आणि त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा. तिथे कोणीतरी हेल्मेट ठेवलेलं होतं.