पाया पडण्याचं आसन

माझ्या सासरच्या माणसांना माझा आजार कधी कळला नाही, माझा योगा मात्र एका दिवसात कळला. कळण्याचं साधन म्हणजे घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे सकाळी गुलाबाची फुलं येतात आणि दुपारी वैद्यकशास्त्र.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. नसांवरचं आवरण आपलंच शरीर कुरतडत सुटतं. मग तळपाय उगाच भाजतात, मांडीत सुया टोचतात, आणि मान खाली घातली की कण्यातून करंट निघतो तो थेट टाचेपर्यंत जातो. बाहेरून काही दिसत नाही. मी बुलढाण्याच्या कोर्टात स्टेनो आहे, इतकी वर्षं लोकांचं खोटं टाईप करत आले. त्यामुळे ‘दिसत तर चांगली आहेस’ म्हणणाऱ्याच्या मनात काय चाललंय, ते मला वेगळं सांगावं लागत नाही.

आधी मी बागेतल्या योगवर्गाला गेले होते. तिथले गुरुजी निवृत्त साहेब होते, आणि आवाज अजून साहेबाचाच होता. एप्रिलच्या उन्हात सूर्यनमस्कार घालायचे, घामावाटे रोग निघून जातो, असं त्यांचं म्हणणं. अंग तापलं की मला धूसर दिसतं आणि पाय लाकडाचे होतात, हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, श्रद्धा कमी पडते. श्रद्धेने डोळ्यांपुढचं धुकं जात असतं तर चष्म्याची दुकानं कधीच बंद झाली असती. मी चटई गुंडाळली ती पुन्हा तिथे पसरली नाही.

माझा योगा मला अकोल्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवला. तो मी ऊन चढायच्या आत, कूलरसमोर, मानेभोवती ओला नॅपकिन घेऊन पलंगावर करते. जमिनीवर बसले तर उठणार कोण? एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा आणि सोडायचा. जुनी सुती ओढणी तळपायात अडकवून पाय हळूच वर ओढायचा. मग खुर्चीत बसून कमरेतून थोडं इकडे, थोडं तिकडे वळायचं, आणि श्वास लांबवायचा. मान खाली घालायची नाही, ही बाईंची सक्त ताकीद. पाहणाऱ्याला वाटावं, बाई आळोखेपिळोखे देते आहे. यातून आजार बरा होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्याचं मी तोंडही पाहत नाही. पण पायाची ताठर गाठ सैल होते, आणि मला माझी चप्पल माझ्या हाताने घालून कोर्टात जाता येतं. मला तेवढं पुरतं.

एकदा वडनेर भोलजीहून माझी थोरली जाऊ मुक्कामाला आली. सकाळी तिने मला ओढणीत पाय अडकवलेलं पाहिलं आणि न विचारता फोटो काढला. दुपारपर्यंत तो ग्रुपवर होता. खाली भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लिहिलं होतं, ‘सूनबाई एकदम फिट.’ अंगठ्यांची रांग लागली. ज्यांनी आजाराच्या दिवसात साधा फोन केला नव्हता, त्यांचेही अंगठे होते.

पुढच्या आठवड्यात भासरे जमिनीच्या कामासाठी बुलढाण्याला आले आणि आमच्याकडे जेवले. ते दहावी नापास आहेत, पण कुठल्याही विषयात अडत नाहीत. ताटावर बसूनच त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावलं, “योगानं एवढा फरक पडला तर ते सलाईन काऊन देऊन राह्यला तिले? इंग्रजी औषध शरीर पोखरते.”

ते सलाईन म्हणजे ठरावीक महिन्यांनी अकोल्याला जाऊन शिरेतून घ्यायचं औषध. पुढचा झटका त्यानेच थोपवून धरला होता. मागच्या झटक्यात माझा डावा डोळा पंधरवडाभर गेला होता. सलाईननंतर एकटीला परतता येत नाही, सोबत माणूस लागतोच, आणि माझा माणूस हाच. माझा नवरा फार चांगला, असं सगळे म्हणतात. तो कुणालाच नाही म्हणत नाही, म्हणून म्हणतात. भासरे गावी परतल्यावर मी सलाईनच्या तारखेची आठवण केली तर म्हणाला, “या टायमाले थोडं थांबून पाहू.” मी भांडले, रिपोर्ट पुढ्यात टाकले. त्याने ते नीट घडी करून कपाटात ठेवले. तारीख निघून गेली.

मे महिन्यात भासऱ्यांच्या मुलीचं लग्न आलं. वडनेरला दारात मांडव, वर पत्रे, आत तीनशे माणसं आणि दोन कूलर, तेही वरपक्षाकडे तोंड करून. आमच्याकडे आहेर घेतला की देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. जावेने माझ्या ओटीत लुगडं घातलं, शेजारी भासरे उभे. मी खुर्चीतूनच हात जोडले.

भासरे पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “योगा जमते, अन् पाया पडनं जमत नाही?”

बाया हसल्या. नवरा मांडवाच्या खांबाशी उभा होता. तो बुटांकडे पाहत राहिला.

मला संताप आला. समजावून सांगावं अशी या माणसांची लायकी नव्हती. घ्या, म्हटलं मनात, आणि उठले, पदर घेतला, वाकले. मान खाली गेली तसा करंट सुटला, उजवा पाय माझा राहिला नाही, आणि मी त्यांच्या पायाशी मातीत बसले ते बसलेच. त्यांनी “अखंड सौभाग्यवती भव” म्हटलं. मी उठेना, तेव्हा पुन्हा एकदा म्हटलं. मग ते दोन पावलं मागे सरले, कारण आमच्यात भासरा धाकट्या भावाच्या बायकोला हात लावत नाही. माझ्या शिरेत काय जावं आणि काय जाऊ नये हे ठरवणारा माणूस माझ्या कोपराला हात लावू शकत नव्हता. “अवं, उचला तिले कोनी,” एवढं मात्र ते ओरडले.

कुणी उचललं नाही. नाटक आहे की काय, याचा अंदाज चालला होता.

नवरा आला. खाली वाकून हळूच म्हणाला, “उठ ना. लोक पाहून राह्यले.”

“लोकायचं सोडा,” मी म्हटलं. “तुमी पाहा.”

त्याचा हात धरून मी माझ्या गुडघ्यावर ठेवला. साडीखाली पाय आपोआप थडथडत होता. तो थांबवणं माझ्या हातात नव्हतं, आणि ते आता त्याच्या तळव्याला कळत होतं. त्याने हात काढला नाही.

“हे असं कधीपासून होते?” त्याने विचारलं.

आजार लागल्यापासून चार वर्षं आम्ही रोज रात्री एकाच पलंगावर झोपत होतो.

“अकोल्याले फोन लावा,” मी म्हटलं. “मंग सांगीन.”