तांदळाच्या डब्यातले ठोके

भूत, चेटकीण, बाहेरचं... माह्यासमोर कोणी असं बोललं का मले हासू येते. आठवीपर्यंत मसणवटीच्या रस्त्यानं एकटी शाळेत गेली मी. पण हे माह्या पोरीसंगं झालं, अन् मी सांगून राहिली ते पक्कं सांगून राहिली. हासाचं असन त हासा.

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या नहरावर, गोंदिया जिल्हा. पोरगी आठव्या महिन्यातच झाली, मुठीएवढी. म्हणून दवाखान्यातून तिच्या पायात एक पट्टा बांधून देला. त्यात सेन्सर... आंगाची गरमी, छातीचे ठोके, सारं मोजते. घरात एक डब्बी लावाची. पट्ट्यातलं बिनावायरचं त्या डब्बीत जाते, अन् तिथून दवाखान्यातल्या सिस्टरच्या मोबाईलवर. पट्टा आंगणाबाहेर गेला का बंद, हे सिस्टरनंच सांगतलं होतं.

धानाच्या रोवणीचे दिवस. सकाळी पोरीचं आंग धुताना पट्टा भिजला. मोबाईल भिजला का आपण काय करतो? तांदळात खुपसतो. मीबी पट्टा काढला, पुसला अन् तांदळाच्या डब्यात खुपसला. सासूबाई बोंबलून राहिली, "चाल वो, उपटलेले पऱ्हे सुकून राहिले! तुह्या मशीनले कोण खाते?" घराले कुलूप लावून आमी नाल्यापलीकडं धानाच्या बांधीत गेलो. कडेच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे, त्याले लुगड्याची झोळी बांधून पोरीले निजवलं.

दुपारी भुरभुर पाणी आलं. झाडाखाली पोरीले काय पाणी लागते, असं वाटलं मले... मी चिखलात, हातात पऱ्हे, अन् फोन वाजला. सिस्टर.

"पोरगी कुठं आहे? ठोके कमी होऊन राहिले तिचे!"

मले हासूच आलं. "सिस्टर, पट्टा त घरी तांदळात आहे. तांदळाचे ठोके पाहून राहिल्या का तुमी?"

"अवो, हासू नको! आधी पोरीले पाह्य!"

धावली मी... झोळी खालून थबथब ओली. पोरगी थंडीगार, ओठ निळे, रडतबी नाई. मी ब्लाउज सोडून तिले उघड्या छातीले लावलं. सासूबाईनं शिदोरीचा कोरडा दुपट्टा वरून गुंडाळला, प्लास्टिकची पन्नी धरून उभी राहिली. फोन चालूच होता, स्पीकरवर.

"वाढून राहिले... अजून वाढले... आता बराबर," सिस्टर म्हणे, अन् तवाच पोरगी रडली! बांधीतल्या साऱ्या बायांनी आयकलं.

घरी आलो. कुलूप तसंच. डबा उघडला त पट्टा तांदळातच, अन् त्याचा हिरवा लाईट लुकलुक करून राहिला.

मंग मशीनवाला पोरगा आला गोंदियावरून. म्हणे, "पुराना डेटा होगा." मी म्हटलं, "कायचा पुराना? पोरगी सकाळी त चांगली होती! अन् मी छातीले लावल्यावरच ठोके काऊन वाढले?" त्यानं पट्टा उलटापालटा करून पाहिला. "भाभी, मेरे को भी समझ में नही आ रहा."

सासूबाई म्हणते देवानं केलं. असन. वजन भरलं म्हणून आता पट्टा वापस नेला. पोरगी चांगली आहे, खेळते, दूध पेते. पण ती निजली का माहं बोट घडीघडी तिच्या नाकाखाली जाते... तवा जेनं सांगतलं, ते कोण होतं मले मालूम नाई. आता पट्टाबी नाई.

आता ते मले कसं सांगन?