काकूंच्या सुटलेल्या रेघा

आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना रेघकाकू म्हणायचे. माशाच्या अंड्यात वाढणाऱ्या गर्भाचे सूक्ष्मदर्शकातून दर काही मिनिटांनी काढलेले फोटो पडद्यावर लावायचे आणि प्रत्येक पेशीची कड पेनाने गिरवायची, हे त्यांचं नऊ वर्षांचं काम. त्या रेघा बघूनच माझा प्रोग्रॅम कडा ओळखायला शिकणार होता. "शिकव बाबा तुझ्या ठोंब्याला," म्हणत त्या चष्मा पुसायच्या.

मी स्वतःला फार शहाणा समजायचो. काकूंच्या चित्रांत काही पेशींच्या मधोमध एक इवलीशी रेघ असे, दोन्ही टोकं सुटलेली. हात घसरला असणार, असं मी ठरवलं. विचारायचे कष्ट कोण घेणार? तसल्या सगळ्या रेघा एका फटक्यात पुसल्या आणि मग प्रोग्रॅमला शिकायला बसवलं.

त्याने माती खाल्ली. दोन पेशींना एक म्हणू लागला. बैठकीत सरांनी कारण विचारलं, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो, "काकूंचा हात आता थरथरतो." काकूंनी हात हळूच टेबलाखाली घेतला. महिनाअखेरीस त्यांनी काम सोडलं.

चार महिन्यांनी त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्यांना नमुना दाखवायला मी काकूंची मूळ चित्रं उघडली. जिथे सुटलेली रेघ, तिथेच पुढच्या फोटोत एका पेशीच्या दोन झालेल्या. एकूण एक ठिकाणी! पेशी दुभंगायला लागल्याची ती पहिली खूण काकूंना दिसत होती, आणि मी ती पुसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांना सगळं सांगितलं आणि तडक काकूंचं घर गाठलं. दार त्यांनीच उघडलं. आत सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी दारातच कबूल केलं, रेघा बरोबर होत्या, चूक माझी.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझा हात थरथरत नाही?"

"नाही काकू. कधीच नव्हता थरथरत."

सून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तीन महिन्यांची झाली ही. आईंनी एकदाही उचललं नाही हिला. हातातून पडेल म्हणतात."



काकूंनी दोन्ही हात पुढे केले. "दे गं इकडे," त्या म्हणाल्या.