डब्यातलं औषध

"बोटं दाखवा आधी," असं म्हटल्याशिवाय तिनं कुणाच्या ताटात भाकरी टाकली नाही.

हात धुतलेत की नाही हे बघायला ती बोटं मागते, असं नव्या माणसाला वाटायचं. पण ती पेरावर अंगठा दाबून धरायची, उचलायची आणि पडलेला खळगा किती वेळात भरून येतो यावरून अंगातली सूज जोखायची. मग विचारायची, "आज मन कसं हाय?" पोट कसं आहे, झोप लागली का, हे नंतर. आधी मन.

बारा तास कापडाच्या लूमसमोर उभा राहून आलेला माणूस या प्रश्नानं बावचळायचा. आपल्याला मन आहे हे त्याला कुणी विचारलेलंच नसायचं. कोणी म्हणायचं, "ठीक है मौसी." कोणी नुसताच हसायचा. एकदा एकजण ताटावरच रडायला लागला होता, आणि तिनं त्याच्याकडे न बघता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली होती. हे मी स्वतः पाहिलं आहे. मी पुष्कळ काही पाहिलं होतं, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

कामतघरला आमच्या चाळीसमोरच्या गाळ्यात तिची भिशी होती. भिशी म्हणजे कामगारांची खानावळ. पंचवीस-तीस माणसं तिथे जेवत. निम्मी उत्तरेकडची, काही सोलापूरकडची, दोन-चार आपली इथली. ती शेलार गावाकडची, नवरा नसलेली, चाळिशी ओलांडलेली. सगळे तिला मावशी किंवा मौसी म्हणत. मी 'बाई' म्हणत असे. ती मला 'गुरुजी' म्हणायची, कारण मी नारपोलीच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. ही दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. वीज केव्हाही जायची, लूम एकदम गप्प व्हायचे, आणि रिकामी बसलेली माणसं एकमेकांच्या अंगावर जायची.

ती म्हणायची, भांडण तेलातून येतं. तळणीचं तेच तेल चार-चार दिवस उकळायचं, वर वनस्पती तूप, पाव आणि दिवसातून दहा चहा. "अंगात आग पेटवून घेतात न् मंग म्हणतात डोकं तापलं." तिनं भिशीतली तळणी बंद केली. पालेभाजी, नाचणीची भाकरी, रविवारी बांगड्याचं कालवण. पहिल्या आठवड्यात बंडच झालं.

"मौसी, आज फिर पत्ता? हम बकरी हैं क्या?"

"बकरी झगडा करती क्या कभी?"

"बकरी कटती है, मौसी."

"तो खा के कट. भूखा मत कट."

हसणं पार आमच्या ओटीपर्यंत ऐकू यायचं. मला ते आवडायचं नाही.

आता माझ्या भावाविषयी सांगायला हवं. वसंता माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, लग्न न केलेला. तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. त्याच्या बोटांना नुसत्या आवाजावरून बिघाड कळायचा. पंचेचाळिशीला त्याच बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ठणका कमी झाला. पण माणूस विझल्यासारखा झाला. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. माझी पत्नी वारली होती, मुलगी सासरी. घरात आम्ही दोघंच. मी त्याला चहाबरोबर खारी द्यायचो, नाक्यावरून वडे आणायचो. खाऊन तरी बरं वाटेल, असा माझा हिशोब. त्याची गोळी, त्याचं गरम पाणी, त्याच्या सदऱ्याची बटणं, सगळं मी बघत होतो. निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं.

एका गणपतीनंतर तो भिशीत जेवायला लागला. का, ते मला सांगितलं नाही. दुपारचा डबाही ती भरून द्यायची.

तीनेक महिन्यांत फरक दिसू लागला. आधी त्यानं दाढी वेळच्या वेळी करायला सुरुवात केली. मग स्वतःचे आणि माझेही कपडे धुऊ लागला. मग एकदा बादली भरताना तो गुणगुणत होता. मी दारात उभा राहून ऐकलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: या बाईनं याला काय घातलंय?

तुम्ही म्हणाल, भाऊ बरा होतोय यात शंका कसली? पण शंका अशीच येते. ती चांगल्या गोष्टीच्या मागून येते, कारण वाईट गोष्टीचं कारण आपल्याला आधीच ठाऊक असतं. मी पाळत ठेवायला लागलो. ती डबा भरताना पाठ करून का उभी राहते? वसंताच्या डब्यात ती एक कागदाची पुडी टाकते, ती इतरांच्या डब्यात का नसते? तो तिच्याशी बोलताना आवाज खाली का आणतो?

शेवटी एकदा मी विचारलंच. ती पाट्यावर काहीतरी वाटत होती.

"बाई, वसंताच्या डब्यात पुडी असते ती कसली?"

तिनं मान वर केली नाही. हसून म्हणाली, "औषध घालते मी भाऊंना. तुम्ही वडे घालता, मी औषध घालते."

थट्टा होती. थट्टा मला कळली नाही असं नाही. ती मला लागली. त्याच संध्याकाळी गाळ्याचा मालक देवळाच्या कट्ट्यावर भेटला तेव्हा मी सहज बोलल्यासारखं बोललो, "ती बाई डब्यात औषध घालते. तिच्याच तोंडून ऐकलंय मी."

औषध हा आपला शब्द दोन तोंडांचा आहे. शहरात तो बाटलीवर असतो, शेतात फवारणीच्या पंपात. खेड्यात कुणी "औषध घेतलं" म्हणाला तर ऐकणारे आधी बैलगाडी जुंपतात. शब्द शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली होती. मला हे ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी वसंताच्या डब्यातली पुडी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्यानं पुडी उघडली, हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"गुरुजी, ही जवसाची चटणी आहे. लसूण, हळद, मिरी. मीठ जरा कमी आहे."

"आणखी काही?"

"आणखी काय असणार? माझी आईपण करते. कुणी दिली?"

मी काहीतरी सांगून बाहेर पडलो. पुडी परत खिशात ठेवली. मालकाला जाऊन सांगायला दहा मिनिटं लागली असती. मी घरी आलो.

त्यानंतर दोन दिवसांनी भिशीतल्या पाचजणांना उलट्या-जुलाब झाले. त्या आठवड्यात आमच्या चाळीच्या नळालाही गढूळ पाणी येत होतं आणि चाळीतलीही तीन घरं आजारी होती. पण मालकाला कट्ट्यावरचं बोलणं आठवलं. त्यानं ते चारचौघांत सांगितलं, सोलापूरकडच्या एकानं विचारलं, "औषध म्हंजे फवारनीचं का?" आणि हिंदीत जाईपर्यंत त्याचं जहर झालं.

सकाळी अकराच्या सुमाराला गाळ्यासमोर गर्दी जमली. वीज नव्हती, लूम बंद, सगळे रिकामे. मालक तिला म्हणाला, "बाई, चूल विझवा."

"का म्हून?"

"डब्यात काय घालता तुम्ही?"

"चटणी घालते." तिची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर आली. चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं. "गुरुजींना ठाव हाय. इचारा त्यांना. गुरुजी, सांगा ना यांना."

वसंता कारखान्यातच होता, लूम बंद असले की जॉबरला काम. पुडी माझ्या खिशात होती. मालकानं विचारलं, "गुरुजी, तुम्ही ऐकलं होतं ना तिच्या तोंडून?"

मी म्हणालो, "हो. औषध हाच शब्द होता."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते वाक्य मला इतकी वर्षं पुरलं.

ती वाद घालत बसली नाही. भात शिजत होता, तो तिनं उतरवला. सगळ्यांसमोर स्वतः एक मूठ खाल्ला आणि पातेलं उलटं केलं. दुपारी टेम्पोत चार भांडी आणि एक पेटी चढली. पाटा जड म्हणून राहिला. निघताना ती आमच्या ओटीशी आली. ती शिव्या देईल म्हणून मी तयार होतो.

"बोटं दाखवा, गुरुजी."

मी हात पुढे केला. का केला, सांगता येत नाही. तिनं अंगठा दाबला, उचलला, खळगा बघत राहिली. मनाचं काही विचारलं नाही. मग पदर खोचून टेम्पोत जाऊन बसली.

वसंता संध्याकाळी आला. बंद गाळ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. मी म्हणालो, "लोकांना संशय आला." तो म्हणाला, "लोकांना." एवढंच. वर्षाच्या आत त्याची मूठ पुन्हा वळेनाशी झाली, आणि भिंत पुन्हा त्याच्या तोंडासमोर आली. गोळ्या चालूच होत्या. मी जवस आणलं, सोलापूरकडच्या एका कांडीवालीला, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईला, विचारून चटणी केली. भिशीच्या बाईलाही तिनंच शिकवली होती म्हणे. वसंतानं पुडी न उघडता परत आणली.

पुढे एका सांधेदुखीच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, अंगातली सूज फक्त सांध्यांत राहत नाही, मनालाही मलूल करते. खाण्याचा त्यात वाटा असतो, पण सगळा नाही. मग उरलेला कशाचा, असं मी विचारलं. ते म्हणाले, घरी बोलायला कोण आहे? मी विषय बदलला. त्याला जवसानं बरं वाटत होतं, बांगड्यानं, की रोज कुणीतरी बोट धरून विचारत होतं म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. एवढंच माहीत आहे की तो माझ्या हातून बरा होत नव्हता, आणि दुसऱ्याच्या हातून झालेला मला बघवला नाही. त्या घरात माझ्याकडे तेवढंच एक काम उरलं होतं.

वसंता सहा वर्षांनी हृदयविकारानं गेला. त्याआधी काही महिने, एका दुपारी तो माझा एक जुना पांढरा सदरा घेऊन ओटीवर बसला होता. सुजलेल्या बोटांनी खिसा चाचपत होता.

"दादा, हा डाग बघ."

खिशावर पुडीएवढा पिवळट चौकोन होता.

"जवसाच्या तेलाचा आहे," तो म्हणाला. "तेव्हा धुताना पुडी सापडली होती. डाग किती घासला, निघत नाही."

त्यानं सदरा घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि आत जाऊन पडला. म्हणजे इतकी वर्षं त्याला माहीत होतं, आणि तो माझ्या हातचा चहा पीत होता.

गेल्या वर्षी मी शेलारला जाऊन आलो. शेतांच्या जागी गोदामं उभी आहेत. दोन-तीन घरी विचारलं. नाव कधी विचारून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे काय विचारणार? भिशी चालवणारी, बोटं बघणारी. एक म्हातारी म्हणाली, "होती खरी एक. आता न्हाय." गाव सोडून गेली की जगातून, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तिचा पाटा आमच्या नळापाशी आहे. बायका त्यावर कपडे धोपटतात. मधला भाग वाटून वाटून खोल झालेला, त्यात पाणी साचून राहतं.

आता माझीही बोटं सुजतात. सकाळी ओटीवर बसून मी एका हाताच्या अंगठ्यानं दुसऱ्या हाताचं पेर दाबतो. खळगा पडतो. तो भरून यायला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी समोरच्या गाळ्याच्या बंद शटरकडे बघत, कुणीतरी पुढचा प्रश्न विचारेल म्हणून थांबतो.