बिनपायाचा बाबा आणि चतुराबाई

चतुराबाईच्या शिव्या तिच्या मेंढरांनासुद्धा कळायच्या. साठी ओलांडलेली, काटकुळी बाई. खांद्यावर घोंगडं, कमरेला तंबाखूची चंची. तेलगावच्या अलीकडे ओढ्याकाठी तिची वस्ती. नवरा तात्याबा जन्मभर भटकला. कधी परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या गाडीवर, कधी आणखी कुठं. गुडघे गेले तेव्हा घरी आला आणि बाजेला चिकटला. मेंढरं, मुलींची लग्नं, सासूचं म्हातारपण हे सगळं हिनं एकटीनं ओढलं. माणसांपुढं तिनं कधी मान वाकवली नाही. बिरोबापुढं वाकवायची, पण आधी त्याच्याशी दोन शब्द भांडून.

त्या उन्हाळ्यात भीमाशंकरअप्पांच्या शेतात शेततळं खणायला जेसीबी लागला. अप्पांचं तेलगावात किराणा दुकान. कपाळावर भस्म, बोलणं गुळासारखं. तिसऱ्या पहरी जेसीबीच्या दातात खापर आलं, मग गाडगं आलं, आणि मग माणसाच्या मांडीचं हाड. ड्रायव्हरनं उडी मारली आणि जो पळाला तो पार रस्त्याला लागला. चतुराबाई शेजारच्या पडीत मेंढरं चारत होती. ती खड्ड्यात उतरली. बाकी सांगाडा सबंध होता, उताणा. उशाशी दोन गाडगी. पाय मात्र घोट्यापासून नव्हते. तिनं खांद्यावरचं घोंगडं काढून त्याच्यावर टाकलं आणि काठावर तंबाखू मळत बसली.

पंडित हवालदार आला. खुनाचा वास घेत त्यानं विचारलं, की गावातून कुणी बेपत्ता आहे का.

"सरपंच हाय की," चतुराबाई म्हणाली. "निवडून आल्यापून दिसला न्हाई."

डॉक्टरनं हाडं पाहून सांगितलं, हे फार जुनं आहे, पोलिसांचं काम नाही. हवालदाराला हायसं वाटलं. अप्पांना वाटेना. तळं अडलं होतं. ते सगळ्यांना समजावत सुटले, की आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, हा तर निवांत झोपलाय, म्हणजे आमचा नव्हे; ज्याचा असेल त्यानं उचलावा.

उचलायला कुणी येईना. चतुराबाईचं म्हणणं साधं होतं. माती दिलेला माणूस आपण उकरला, आपणच परत माती द्यायची. पण हात लावायचा तर सरकारला विचारा, असं हवालदार सांगून गेला होता. म्हणून ती अप्पांना घेऊन तहसिलीत गेली. तिथल्या कारकुनानं बरीच दप्तरं चाळली. पुरलेलं धन सापडलं तर त्याला कायदा होता. जुन्या वस्तूंना होता. खून असता तर होताच होता. पण जुन्या माणसाला परत पुरायचं की नाही, याबद्दल त्याला कुठं एक ओळ सापडेना.

"म्हंजे गाडगं सरकारचं," चतुराबाई म्हणाली, "आन माणूस कुणाचाच न्हाई?"

कारकुनानं त्यांना चहा पाजला आणि पुरातत्त्ववाल्यांना फोन लावला.

मग प्रियदर्शनी मॅडम आल्या. तिशीतल्या, उन्हानं रापलेल्या, डोक्याला रुमाल. जुनी हाडं वाचणं हा त्यांचा धंदा. खड्ड्यात पालथ्या पडून त्यांनी कुंचल्यानं माती काढली आणि सांगितलं, की हे माणूस तीनेक हजार वर्षांपूर्वीचं असावं. पाय मुद्दाम तोडलेत. मेलेल्यानं उठून परत घरी येऊ नये म्हणून तसं करत असावेत, असा काही जाणकारांचा अंदाज आहे.

चतुराबाईनं वस्तीच्या दिशेनं पाहिलं. "लई शहाणे लोक व्हते. आमच्या तात्याबाचे तर जित्तेपनीच काढाय पायजे व्हते."

तीन हजार वर्षांची बातमी पेपरात आली आणि ज्याला कुणी घेत नव्हतं त्याला एकदम नातेवाईक फुटले. तरुण मंडळाच्या विजयसिंहानं खड्ड्याशी भगवा रोवला. सांगाड्याचे 'बिनपायाचे बाबा' झाले. नारळ फुटू लागले. एकाची म्हैस बाबाच्या कृपेनं गाभण राहिली म्हणे. म्हैस काय म्हणाली ते कुणी विचारलं नाही. समाधीचा ओटा ठरला, सोहळ्याच्या पत्रिका छापायला गेल्या. आता बाबाला गावाबाहेर नेऊ देणार नाही, असं मंडळानं मॅडमना बजावलं.

शेवटी हाडं शाळेच्या खोलीत ठेवून मॅडमनी तिथंच काम करायचं ठरलं. शाळेला सुट्टी होती. दाराशी मंडळाची पोरं पत्ते खेळत पहारा द्यायची, आणि आत मॅडमसमोर चतुराबाई. मेंढरांमागं तिनं तात्याबाला धाडलं होतं, लंगडत का होईना. पहिल्या दिवशी तिनं मॅडमला तोंडावर विचारलं, की तुझ्या आजीची हाडं अशी कुणी घासली तर चालंल का. मॅडमनी कुंचला खाली ठेवला. म्हणाल्या, नाही चालणार. मग त्यांनीच सांगितलं, की परदेशात काही ठिकाणी अशी हाडं वंशजांना परत द्यायचे कायदे आहेत. आपल्याकडं बहुतेक पेटीत जातात, पेटी फळीवर.

"कवापस्तोर?"

"कायमची, मावशी."

चतुराबाईनं तंबाखूची पिंक टाकायला जागा शोधली, सापडली नाही, गिळली.

पण हाडं बोलू लागली तशी तीच पुढं सरकून बसू लागली. डावा हात कधीतरी मोडून वाकडा जुळला होता. दळणातल्या खड्यांनी दाढा झिजल्या होत्या. गुडघ्यांवर उकिडवं बसण्याच्या खुणा होत्या. गाडग्याशेजारी शेळीचं हाड निघालं होतं. आणि कमरेची हाडं साफ करून जुळवली तेव्हा, मातीत जे नक्की सांगता येत नव्हतं ते मॅडमना कळलं. त्यांनी ते आधी चतुराबाईला सांगितलं. चतुराबाई हसत सुटली, ती ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसून बाहेर गेली आणि पत्ते खेळणाऱ्यांना म्हणाली, "उठा बे. तुमचा बाबा बाई निगाला."

विजयसिंहाला ते पटेना. त्यानं मॅडमना पुन्हा नीट बघायला सांगितलं; पत्रिका छापून आल्या होत्या. मॅडमनी पुन्हा पाहिलं. बाईच होती. दोन दिवसांत झेंडा गेला, नारळ थांबले. ओट्याची वाळू मंडळाच्या एकानं न्हाणीघराला वापरली. विजयसिंह चतुराबाईला म्हणाला, की आता तुमी बायाबायाच काय ते बघून घ्या.

बायांनी बघून घेतलं. मॅडमनी वरच्या साहेबांना विचारलं. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. तसा नियम नाही, एवढंच उत्तर. गाडगी सरकारजमा झाली. मॅडमना तपासायला दात तरी हवेच होते, आणि ते मागायला त्यांना लाज वाटत होती.

"ने की," चतुराबाई म्हणाली. "तिचं तोंड हाय. काय सांगायचं ते सांगू दे."

तळं थोडं सरकवायला अप्पांनी कां-कू केली, पण शेवटी जागा दिली. म्हणाले, झोपलेली असली तरी आहे आमच्या शेतातली. एका सकाळी वस्तीवरच्या बायांनी तिला परत माती दिली. मॅडमनी खाली खूणचिठ्ठी घातली, म्हणजे पुढं कुणी खणलं तर गोंधळ नको. चतुराबाईनं नव्या चपला आणल्या होत्या. त्या मात्र मॅडमनी पाया पडून परत घ्यायला लावल्या. तीन हजार वर्षांच्या बाईजवळ प्लास्टिकच्या चपला निघाल्या तर पुढचे संशोधक खुळे होतील, म्हणाल्या. चतुराबाईनं त्या तिथंच पायात घातल्या.

पुढं दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला. दातांची तपासणी झाली होती. ती बाई या भागात वाढलेली नव्हती. लहानपणी प्यालेल्या पाण्याची खूण दातांत राहते, आणि तिचं पाणी वेगळ्या मुलखातलं होतं. मोठी झाल्यावर इकडं आली असावी.

चतुराबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हंजे सासुरवाशीण," ती म्हणाली. "आन म्हायार?"

ते सांगणं अवघड आहे, मॅडम म्हणाल्या. गाव कळणार नाही, फार तर दिशा.

"मग दिशा सांग."

मॅडमनी सांगितलं, की नक्की नाही, पण दक्षिणेकडं असावं. चतुराबाईनं फोन ठेवला आणि मेंढरं सोडली, ती बाईच्या मातीजवळून दक्षिणेच्या अंगाला.